सोळा माणसं, पाच पीएनआर

मा. अध्यक्ष,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली
यांस,



आमच्या आईला पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे आणि तिने काशी मागितली आहे. विमानाने नको, गाडीनेच. आणि दोघा-तिघांनी नको, सगळ्यांनी मिळून. हे ‘सगळे’ मोजायला बसलो तेव्हा सोळा बर्थची माणसं निघाली आणि वर एक आठ महिन्यांचा पणतू, ज्याला तिकीट लागत नाही. आई आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी. नाशिकचे काका-काकू. मी, नवरा आणि आमची दोन मुलं. नाशिकचाच भाऊ, वहिनी, भाची, भाचा आणि भाचेसून. भुसावळची बहीण, तिचे यजमान आणि अकरा वर्षांचे चिरंजीव.

आमच्या घरात लग्नकार्यातल्या मानपानाचं खातं वहिनीकडे आणि रेल्वेच्या आरक्षणाचं माझ्याकडे, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्यामुळे आपल्या खात्याचे नियम मला बऱ्यापैकी पाठ आहेत. कुठला कधी बदलला तेही आठवतं. हे पत्र तक्रारीचं नाही. गाडीला उशीर झाला, नळाला पाणी नाही, असल्या गोष्टींसाठी १३९ नंबर आहे, ‘रेल मदद’ आहे. मला बोलायचंय ते नियमांच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीबद्दल. आपल्या आरक्षणाच्या संगणकाला माणूस कळतो, त्याचं वय कळतं, आता आधार क्रमांकही कळतो. घर मात्र कळत नाही. आणि लांबच्या, रात्रीच्या प्रवासाला आपल्याकडची माणसं बहुतेक वेळा घर घेऊनच निघतात.

थर्ड एसीचा डबा आपण डोळ्यांपुढे आणा. एका कप्प्यात आठ बर्थ. समोरासमोर तीन-तीन आणि बोळाच्या पलीकडे खिडकीला लागून दोन. बर्थच्या नंबराला आठाने भागायचं. बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, दोन किंवा पाच उरली तर मधला, तीन किंवा सहा उरली तर वरचा, सात उरली तर साइड लोअर आणि बाकी शून्य आली तर साइड अप्पर. हा भागाकार आमच्या बहिणीच्या मुलाला शाळेतल्या भागाकाराच्या आधी आला. आता सोळा माणसं म्हणजे बरोब्बर दोन कप्पे. हिशेब इतका नेटका जमतोय म्हटल्यावर मी खूश व्हायला हवं होतं. पण एका तिकिटावर नावं सहाच बसतात. कप्पा आठाचा आणि तिकीट सहाचं, हे गणित कुणी आणि का घातलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दलालांनी एका फॉर्मवर डबाच्या डबा उचलू नये म्हणून मर्यादा हवी, हे मान्य. पण मर्यादा घालायचीच होती तर ती कप्प्याएवढी घालता आली असती.

बरं, सहा-सहा-चार अशी तीन तिकिटं काढून भागत नाही. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे आणि ही आपली फार चांगली सोय आहे. थर्ड एसीच्या डब्यात असे चार-पाच बर्थ असतात, स्लीपरमध्ये सहा-सात. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला त्याला पात्र ठरतात. (या हिशेबाने मीही पात्र आहे आणि वहिनीही. आम्ही हे घरात फारसं बोलत नाही.) अट एवढीच की त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी हवेत आणि दोघंही पात्र हवेत. आईच्या तिकिटावर माझ्या मुलाचं नाव घातलं की कोटा गेला. म्हणजे आईला खालचा बर्थ पक्का मिळावा असं वाटत असेल तर तिला आमच्यापासून तोडून वेगळ्या तिकिटावर घालायला हवं, आणि तसं केलं की ती कुठल्या डब्यात जाईल ते आमच्या हातात राहत नाही. आम्ही बी-२ मध्ये आणि आई-मावशी बी-५ मध्ये, असंही होऊ शकतं. ज्या बाईचे गुडघे मधल्या बर्थची शिडी चढू शकत नाहीत, तिला रात्री तीन वाजता बाथरूमला जाताना हात धरायला कुणीतरी लागतं. कोटा तिला बर्थ देतो आणि हात काढून घेतो.

त्यात तीन स्टेशनं. आम्ही डोंबिवलीकर कल्याणला चढणार, नाशिकवाले नाशिकरोडला, बहीण भुसावळला. चढण्याचं स्टेशन हे अख्ख्या तिकिटाला एकच असतं. कल्याणच्या तिकिटावर बहिणीचं नाव घातलं आणि टीसीला तिचा बर्थ भुसावळपर्यंत रिकामा दिसला, तर तो दुसऱ्याला द्यायला मोकळा. म्हणून तिकीट घरांप्रमाणे नाही, स्टेशनांप्रमाणे आणि कोट्याप्रमाणे कापायचं. आई-मावशी दोन, काका-काकू दोन, आम्ही चार, भाऊ-वहिनीकडचे पाच, बहिणीकडचे तीन. पाच तिकिटं, पाच पीएनआर. एकाच गाडीने, एकाच दिवशी, एकाच घाटावर जाणाऱ्या सोळा माणसांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्या पाच आकड्यांत कुठेही नोंदलेलं नाही.

गाडी ‘महानगरी’ ठरली आहे. ‘कामायनी’चा विचार झाला, पण काकांचं मत महानगरीला पडलं आणि आमच्याकडे काकांच्या मतावर मतदान होत नाही. ही गाडी सीएसएमटीहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे पहिली खबरदारी तारखेची. बारा तारखेचं तिकीट म्हणजे अकरा तारखेची रात्र. जेवून, गॅसचा कॉक बंद करून निघायचं ते अकराला. हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगावं लागतं आणि एकाला तरी शेवटी ते चुकीचं कळलेलं असतं. वाराणसीला पोचायचं तेही अपरात्रीच, म्हणजे मध्ये एक अख्खा दिवस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रात्र. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. इटारसी, जबलपूर, सतना करत गाडी प्रयागराज छिवकीला पोचते. याच वाटेवर जबलपूरला १८७० साली मुंबईकडून आलेले रूळ आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ एकमेकांना मिळाले आणि काशी मराठी माणसाच्या आटोक्यात आली. त्याआधी काशीला जाणारा माणूस निरवानिरव करून निघायचा. परत आला तर मावंदं घालायचं, गंगेची पूजा करायची, गाव जेवायला बोलवायचं. आमच्याकडे मावंदं अजून घालतात. परतताना तांब्याचे गंगाजलाचे सीलबंद गडू सोळा घरांसाठी आणायचे असतात, तेव्हा सामानाचं वजनही धरावं लागतं. थर्ड एसीला माणशी ४० किलो फुकट, त्यामुळे तिथे तरी काळजी नाही.

आरक्षण उघडण्याच्या दिवसाबद्दल दोन शब्द. १ नोव्हेंबर २०२४ पासून आपण आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांतली सुमारे २१ टक्के रद्द होतात, असं कारण दिलं होतं. मला ते पटलं. चार महिने आधी सोळा जणांच्या रजा आणि परीक्षा जुळवणं म्हणजे पंचांगात नसलेला मुहूर्त काढणं होतं. उलट, ६० दिवसांत निर्णय घ्यावाच लागतो, हे एकत्र कुटुंबाला चांगलंच आहे. आधारशी जोडलेल्या खात्यांनाच सुरुवातीला आरक्षण करता येईल, हा ऑक्टोबर २०२५ पासूनचा नियमही मला आवडला. आधी तो पहिल्या पंधरा मिनिटांपुरता होता, पुढे वेळ वाढवत नेली. तत्काळसाठी तर जुलै २०२५ पासून आधार लागतंच. एवढं सगळं झाल्यावर खऱ्या प्रवाशाला संधी वाढली असणार.

पण सकाळी आठला आम्ही काय करतो ते ऐका. पाच घरांत नव्हे, तीन गावांत पाच फोन. प्रत्येक फोनवर वेगळं खातं, कारण एकाच खात्यातून एकापाठोपाठ पाच तिकिटं काढेपर्यंत थर्ड एसी वेटिंगला जाऊ शकतो. प्रवाशांची यादी आदल्या रात्री भरून ठेवलेली. सगळ्यांनी सीएसएमटी ते वाराणसी असंच तिकीट काढायचं, कारण सुरुवातीच्या स्टेशनाचा कोटा मोठा आणि वेटिंगही त्याचंच आधी सुटतं. चढण्याचं स्टेशन मात्र आपापलं भरायचं. भाचा ग्रुपवर लिहितो, ‘बी-३ लागला, २५ पासून.’ ते वाचून बाकीच्यांनी बी-३ हा डबा पसंतीत टाकायचा. मिळाला तर मिळाला. ही सगळी कसरत कशासाठी, तर आम्ही एक घर आहोत हे आपल्या संगणकाला आडवळणाने सुचवण्यासाठी.

शिवाय फॉर्मवर काही चौकोन आहेत, त्यांवर खूण करायची की नाही याचंही शास्त्र आहे. ‘सगळे बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच तिकीट काढा’ हा पर्याय उपयोगी, पण तो एका पीएनआरपुरता. ‘अपग्रेड’ला हो म्हणायचं नाही. आई-मावशीचं तिकीट वेगळं असल्याने नेमकं तेच वरच्या वर्गात जाऊ शकतं; मग त्या दोघी टू टायरच्या डब्यात पडद्याआड आणि त्यांची औषधांची पिशवी आमच्याकडे. वर खालच्या बर्थची खात्रीही गेली. ‘विकल्प’लाही नाही म्हणायचं, कारण वेटिंगवर राहिलेल्यांना दुसऱ्या गाडीत बसवणं ही एकट्या माणसाला सोय आहे, आमच्यासाठी घराची फाळणी आहे. एक नियम मात्र आमच्या बाजूचा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. एका पीएनआरवर काही जण कन्फर्म आणि काही वेटिंगला राहिले तर चार्टमध्ये सगळ्यांची नावं येतात. सगळेच वेटिंगला राहिले तरच तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात. म्हणून भीती असेल तिथे तीन-तीनची छोटी तिकिटं काढण्यापेक्षा पाच-सहाचं एकच काढावं. पण म्हाताऱ्यांच्या कोट्याला दोनाचंच हवं. दोन नियम, दोन्ही आपलेच, एक म्हणतो एकत्र राहा आणि दुसरा म्हणतो वेगळे व्हा.

आता गाडीतलं दृश्य. हे आमच्या एका घराचं नाही, देशातल्या कुठल्याही रात्रीच्या गाडीत गाडी सुटल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दिसतं. बोळात पिशव्या, वरच्या बर्थवरून लोंबणारे पाय, आणि एक मध्यमवयीन बाई प्रत्येक कप्प्यापाशी थांबून विचारते आहे, “दादा, तुम्ही सत्तावन्नला जाल का? आमच्या आजी आहेत.” दादा म्हणतात, “सत्तावन्न खालचाच ना?” (खालचाच, आठाने भागा.) “कुठल्या डब्यात?” “इथेच, बी-५ला.” तेवढ्यात समोरचे काका म्हणतात, “मी गेलो असतो हो, पण मला मध्ये खांडव्याला उतरायचंय, सामान लावलंय सगळं.” मग कुणीतरी कॉलेजातला मुलगा उठतो. अशा मुलांचं मला नेहमी वाईट वाटतं. तो आधी आजींसाठी सत्तावन्नला जातो, मग नव्या जोडप्यासाठी साइड अप्परला जातो, मग एका तान्ह्या बाळाच्या आईसाठी बाथरूमशेजारच्या शेवटच्या कप्प्यात, आणि पहाटे त्याचं नाव चार्टमध्ये जिथे आहे तिथे तो सापडत नाही म्हणून टीसी वैतागतो. रात्री दहाला मधले बर्थ उघडेपर्यंत ही अदलाबदल चालते. नाशिकरोडला पहाटेच्या अंधारात चढणाऱ्यांना तर तीही करता येत नाही, कारण तोवर सगळे झोपलेले. मोबाइलचा टॉर्च मारून, कुणाच्या तरी चेहऱ्यावर उजेड पाडून, “सॉरी हं” म्हणत आपला नंबर शोधायचा.

महोदय, ही जी अदलाबदल लाखो प्रवासी रोज रात्री हातांनी करतात, ती आपल्या संगणकाला दुपारी करता येईल. चार्ट आता पूर्वीसारखा चार तास आधी लागत नाही. जुलै २०२५ पासून तो आठ तास आधी लावायला सुरुवात झाली आणि पुढे वेळ आणखी वाढवली. महानगरीसारख्या गाडीचा चार्ट दुपारीच हाती येतो. हा बदल आपण केला तेव्हा आमच्यासारख्यांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. वेटिंगवाल्याला घरातून निघण्याआधी कळतं, जायचं की नाही ते. त्याच चार्टच्या वेळी आणखी एक काम सांगावं, एवढंच माझं मागणं आहे.

ते असं. एकाच गाडीच्या, एकाच तारखेच्या वेगवेगळ्या पीएनआरना एकमेकांशी जोडण्याची सोय द्या. पहिलं तिकीट काढलं की त्याचा क्रमांक पुढच्या तिकिटांत ‘यांच्यासोबत प्रवास’ म्हणून भरता यावा. आरक्षणात आम्हाला कुणाच्याही पुढे नेऊ नका, जास्तीचा एक बर्थही देऊ नका. जे मिळालं ते मिळालं. फक्त चार्ट लावताना जोडलेली तिकिटं शक्य तितकी एका डब्यात, जमलं तर शेजारच्या कप्प्यांत आणा. ज्याला खालचा बर्थ मिळाला आहे त्याचा खालचाच राहू द्या. जो एकटा प्रवास करतो आणि ज्याला कुठलाही नंबर चालतो, त्याला तिकीट काढतानाच तसं विचारा. खूण केलेल्यांचेच नंबर हलवा. तो कॉलेजातला मुलगा एकदाच हलेल आणि घरी बसून मेसेजवर हलेल. आणि ज्येष्ठांच्या कोट्याची दोनाची अट तिकिटाला राहू द्या, पण ते दोघं कुणाच्या घरातले आहेत हे त्या जोडणीतून कळू द्या, म्हणजे कोटा असलेला बर्थ आमच्या डब्यातलाच देता येईल.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं कुणी आपल्याला सांगितलं तर दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवाव्यात. पहिली, पीएनआर जोडणं आपल्याकडे आहेच. १ एप्रिल २०१९ पासून एका गाडीतून उतरून दुसरी पकडणाऱ्यांचे दोन पीएनआर जोडता येतात. पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली तर परतावा मिळतो. दोन गाड्यांतला एक माणूस जोडता येतो, तर एका गाडीतली सोळा माणसं का नाही? दुसरी गोष्ट फर्स्ट एसीची. तिथे तिकीट काढताना बर्थ नंबर मिळतच नाही. कूपे आणि केबिन चार्टच्या वेळी ठरवतात, आणि नवरा-बायको, कुटुंब असं बघूनच ठरवतात. म्हणजे ही पद्धत आपल्या कर्मचाऱ्यांना नवी नाही. फक्त ती ज्यांना चार बर्थची केबिन परवडते त्यांच्यापुरती आहे.

दलालांचा मुद्दा राहतो, आणि तो खोटा नाही. जोडणीची सोय दिली की कुणीतरी साठ अनोळखी माणसांचं ‘कुटुंब’ करील. तर मग मर्यादा घाला, चोवीस माणसांची, वीसची. आधारने पडताळलेली नावंच जोडता येतील असं ठरवा. जोडणीतून आरक्षणाचा फायदा काहीच मिळत नसेल तर दलालाला त्यात रस राहणार नाही. मोठ्या गटांसाठी आज जे आहे ते आमच्या मापाचं नाही. अर्ज, यादी, कारणाचा पुरावा घेऊन कार्यालयात जायचं, किंवा अख्खा डबा घ्यायचा. अख्ख्या डब्याला पन्नास हजार रुपये अनामत आणि निदान तीस दिवस आधी नोंदणी. लग्नाच्या वऱ्हाडाला ते ठीक आहे. सहा ते बहात्तर या दोन आकड्यांच्या मधे जी कुटुंबं आहेत, म्हणजे आमच्यासारखी बहुतेक सगळी, त्यांच्यासाठी काही नाही.

आमच्या बाजूची तयारी मी सांगत नाही असं नको, नाहीतर आपल्याला वाटेल हिला सगळं सरकारनेच करायला हवं. जेवणाचा प्रश्न आमच्याकडे कधीच नसतो. पहिल्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची कोरडी चटणी आणि लिंबाचं लोणचं. दुसऱ्या वेळेला धपाटे, कारण दही घातलेलं पीठ टिकतं आणि थंडही खाता येतं. तिखटामिठाच्या पुऱ्या मुलांसाठी, त्या पाच वाजता संपतात. नुसतं मेतकूट-तूप काकांसाठी. केळी भुसावळलाच, बहीण आणते. रेल नीर १४ रुपयांना मिळतं, तेवढं स्टेशनवर घ्यायचं. सामानाला नंबर घातलेले, प्रत्येक पिशवीचा एक धनी ठरलेला, साखळी-कुलूप खालच्या बर्थच्या कड्यांना. बाळासाठी जुन्या लुगड्याची झोळी. ती बर्थच्या साखळ्यांना बांधायची की नाही यावर वहिनी आणि भाचेसून यांच्यात मतभेद आहेत आणि त्यात मी पडणार नाही. आपण स्वतः २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात १२ आणि ६० नंबरच्या खालच्या बर्थला लागून बाळासाठी छोटा बर्थ लावून पाहिला होता. कल्पना उत्तम होती. आईला खालचा बर्थ आणि त्याला जोडलेलं बाळाचं अंथरूण, म्हणजे दोन प्रवाशांचा एकत्र विचार रेल्वेने केला होता. माझी मागणी त्याच दिशेची, थोडी लांबलेली.

जागेचं म्हणाल तर आम्हाला डब्याच्या मधले कप्पे हवे असतात, २५ ते ४८ च्या आतले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाथरूमपासून सारखं अंतर आणि दाराच्या आपटण्याने बाळ उठत नाही. पण हे मी मागणी म्हणून लिहीत नाही. ते नशिबावर सोडलं आहे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती परत आलेली नाही. पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के होती. त्यावरही इथे लिहीत नाही. काका म्हणतात, पूर्ण पैसे घ्या पण शेजारी बसवा.

या जोडणीचा प्रयोग कुठे करावा, ती जागाही मी सुचवते. गणपतीला मुंबईहून कोकणात ज्या जादा गाड्या सोडता, त्या गाड्यांत क्वचितच कुणी एकटं असतं. चाकरमानी निघतो तो घर घेऊन, पाटावर बसवायच्या सामानासकट. तिथे एका हंगामात पीएनआर जोडून बघा. टीसींना विचारा, त्या रात्री त्यांना बर्थ बदलून देण्याच्या विनंत्या किती कमी आल्या. ते आकडे त्यांच्याच हातातल्या यंत्रावर नोंदवता येतील.

हे व्हायला वेळ लागेल, हे मला कळतं. पण एक गोष्ट उद्याही होऊ शकते. घरातल्या कुणाला ऐनवेळी जाता आलं नाही तर गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज करून तेच तिकीट घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करता येतं, असा आपला नियम आहे. फार जुना आणि फार समजूतदार नियम. तोही कन्फर्म तिकिटाला आणि एकदाच, ते योग्यच आहे. म्हणजे कुटुंब ही गोष्ट आपल्या नियमपुस्तकात आधीपासून आहे. पण त्यात कुटुंब कुणाला म्हणायचं याची यादी दिली आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. संपली यादी. सासू नाही, सासरे नाहीत, जावई नाही, आजी-आजोबा नाहीत, नातवंडं नाहीत. मावशीचा गुडघा ऐनवेळी धरला तर तिच्या तिकिटावर तिची बहीण जाऊ शकते, जी आधीच जाते आहे. भाची जाऊ शकत नाही. वहिनीला रजा मिळाली नाही तर तिच्या जागी तिची सून जाऊ शकत नाही, जी गेली दोन वर्षं तिच्याच स्वयंपाकघरात आहे आणि रेशनकार्डावर तिच्याच खाली नाव आहे.

या यादीत सून, जावई, सासू-सासरे, आजी-आजोबा आणि नातवंडं घाला. पुरावा म्हणून रेशनकार्ड चालतंच. त्याला संगणक लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

आपली,
डोंबिवलीची एक प्रवासी